हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी: टॅरोची पानं समोर ठेवून हक्क आणि जबाबदारी कशी तोलायची

मागच्या भाऊबीजेला माहेरी गेले होते, सातारा जिल्ह्यात गाव आहे आमचं. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि दादाने कपाटातून एक फाईल काढून माझ्या पुढ्यात ठेवली, म्हणाला बघून घे, सोमवारी रजिस्ट्रारकडे जाऊन येऊ, तासाभराचं काम आहे. हक्कसोडपत्र होतं, म्हणजे वारसाने आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं, साडेतीन एकर जमीन, तिच्यातली विहीर आणि गावातलं घर एवढंच सगळं, वारस तिघं, आई, दादा आणि मी. मी हो पण म्हणाले नाही आणि नाही पण म्हणाले नाही, सोमवारी ऑफिस आहे असं सांगून रात्रीच्या एसटीने ठाण्याला परत आले.

पुढचे तीन आठवडे झोप नीट लागली नाही. सही करावी असं वाटलं की स्वतःचा राग यायचा, करू नये असं वाटलं की वहिनीचा चेहरा समोर यायचा. टॅरो मी बारा वर्षं वाचतेय, मैत्रिणींसाठी, ओळखीतल्यांसाठी, पण या वेळी पानं उचलायचीच भीती वाटत होती कारण माहीत होतं की मी त्यांच्याकडून मला हवं ते वदवून घेईन. म्हणून शेवटी एक वेगळी पद्धत बसवली, बऱ्याच पानांना शफलच करायचं नाही, उघड्या डोळ्यांनी निवडून मांडायची. नंतर तीच दोन मैत्रिणींबरोबर वापरली, एकीचा प्रश्न सासूला सांभाळायचा होता, दुसरीचा नोकरीसाठी परगावी जायचा. तीच इथे सविस्तर लिहितेय. माझी केस जमिनीची आहे म्हणून उदाहरणं तिथली येतील, तुम्ही तुमची घाला.

एक गोष्ट आधीच सांगते. मी टॅरोकडे भविष्य म्हणून बघत नाही. ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांच्या खेळासाठी आली, त्यांच्यावरून भविष्य सांगायची पद्धत फ्रान्समध्ये अठराव्या शतकात रुजली, आणि ती प्राचीन इजिप्तमधून आली ही जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते तिला काही पुरावा नाही. मग उरतं काय तर ७८ चित्रं, ज्यांच्यात माणसं काहीतरी धरून ठेवतायत, देतायत, ओझं वाहतायत, पाठ फिरवून निघून जातायत. घरातल्या भांडणात आपल्याला स्वतःकडे लांबून बघताच येत नाही, चित्रातल्या माणसाकडे येतं. माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

तयारी

डेक, म्हणजे पानांचा संच, रायडर-वेट घ्या, म्हणजे १९०९ ला लंडनमध्ये आलेला, आज बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो. कारण खालच्या पायऱ्या त्यातल्या चित्रांवर आहेत आणि या डेकमध्ये साध्या आकड्यांच्या पानांवर पण माणसांचे पूर्ण प्रसंग आहेत. ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढली. मोठं काम झालं आणि पैसे फारच थोडे मिळाले असं तिने तेव्हाच एका पत्रात लिहिलंय, आणि डेकला नाव पडलं ते प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांचं. तिची सही मात्र पानांच्या कोपऱ्यात आहे, बारीक, वेटोळी, शोधली तर दिसते. राबणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे मी त्या तीन आठवड्यात खूपदा बघत बसले होते, का ते पुढे येईल.

बाकी एक वही, तीन रंगांची पेनं, आणि फोन बंद ठेवून दीड-दोन तास. भांडणाचा फोन झाल्या झाल्या बसू नका, निदान एक रात्र जाऊ द्या.

पायरी १: प्रश्न नीट लिहा

"सही करू का नको" हा प्रश्न पानांसमोर ठेवायचा नाही. हो-नाहीचा प्रश्न विचारला की मन फक्त सुटकेचा रस्ता शोधतं. "दादाच्या मनात काय आहे" हा तर अजिबातच नाही. माझ्या मते हे टॅरो वाचणाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे, जो माणूस समोर नाही, ज्याने विचारायला सांगितलेलं नाही, त्याच्या मनात पानांच्या आडून डोकवायचं नाही. आणि पान बघून तुम्ही ठरवलंत की दादा कपटी आहे, तर त्या ठरवण्याला आधार काय, आणि त्यावर तुम्ही आयुष्यभराचं नातं तोडणार?

मी लिहिलेला प्रश्न असा होता: "यात माझं काय आहे, माझ्याकडून कोणाचं काय येणं आहे, आणि दोन्ही मान्य करून मी काय सुचवू शकते?" तीन तुकडे आहेत, तीनही तुमच्या प्रश्नात आलेच पाहिजेत. मधला तुकडा गाळायचा मोह होतो सगळ्यांना.

पायरी २: जस्टिस मधोमध

डेकमधून जस्टिसचं पान शोधून उघडं मध्ये ठेवा. या डेकमध्ये त्याचा नंबर ११ आहे, जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये ८, वेटने जस्टिस आणि स्ट्रेंग्थ यांची अदलाबदल केली म्हणून.

नीट बघा. लाल झगा, मागे जांभळा पडदा, दोन खांब. उजव्या हातात सरळ उभी तलवार, डाव्या हातात तराजू. आणि डोळ्यावर पट्टी नाही. कोर्टाचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पट्टी बांधलेली बाई येते, ही सरळ आपल्याकडे बघतेय. घरातल्या वाटणीत डोळे झाकून चालतच नाही, कोण कोणाची काय लागते, कोणी किती वर्षं काय केलं हे बघावंच लागतं.

या पानातून मी एक क्रम घेतला आणि तो सगळ्या पद्धतीचा कणा आहे. आधी तलवार, मग तराजू. म्हणजे आधी गोष्टी कापून वेगळ्या करायच्या, मगच तोलायच्या. आपण काय करतो, सगळं एकत्र कालवून तराजूत टाकतो, हक्क, हौस, राग, लाज, प्रेम, लग्नात मिळालेली पैठणी, लहानपणी खाल्लेला मार, आणि मग काटा हलतच राहतो.

पायरी ३: तलवार

जस्टिसच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे, तलवारीच्या हाताखाली, दोन पानं ठेवा, सेव्हन ऑफ वाँड्स आणि फोर ऑफ पेंटॅकल्स.

सेव्हन ऑफ वाँड्समध्ये एक जण उंचवट्यावर उभा राहून एकट्याने सहा काठ्या अडवतोय. आपल्या हक्कासाठी उभं राहणं म्हणजे हेच आणि त्यात चुकीचं काही नाही. फक्त दोन गोष्टी बघा, त्याच्या दोन पायात दोन वेगळी पादत्राणं आहेत, जणू घाईत उठून आलाय, आणि खालच्या लोकांचे चेहरे चित्रात नाहीत, नुसत्या काठ्या दिसतात. फोर ऑफ पेंटॅकल्समध्ये एक जण बसलाय, एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायाखाली दाबलेली. सगळं सुरक्षित आहे पण त्याला हलता येत नाही. मागे अख्खं शहर आहे आणि त्याची पाठ तिकडे.

आता वही काढा आणि या प्रकरणात तुम्हाला जे जे "माझं" वाटतं ते सगळं लिहून काढा, लाज न बाळगता. मग तीन रंगांनी खुणा करा.

पहिला रंग हक्काचा. कसोटी अशी, हे मला नाकारलं तर मी कुठेतरी दाद मागू शकते का? हो असेल तर हक्क. दुसरा रंग इच्छेचा, मिळालं तर बरं वाटेल पण कोणी देणं लागत नाही. तिसरा भीतीचा, हे मी धरून ठेवतेय किंवा सोडतेय कारण लोक काय म्हणतील, पुढे एकटी पडले तर, माहेर तुटलं तर.

माझ्या यादीत सतरा गोष्टी होत्या आणि पहिल्या रंगात फक्त तीन आल्या. मला धक्का बसला होता.

इथे एक काम पानांनी होत नाही, वकिलाकडूनच होतं, ते म्हणजे पहिल्या रंगातल्या गोष्टी खऱ्या आहेत का हे तपासणं. मी दोन वेळा वकिलांना भेटले. मुलींच्या वाटणीबद्दल निदान एवढं प्रत्येकीला माहीत हवं: हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला, महाराष्ट्राने आपल्यापुरती अशी दुरुस्ती त्याआधी १९९४ मध्येच केली होती. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची पण गरज नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल तर ते मृत्युपत्राने ती कोणालाही देऊ शकतात, मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा. आमच्या केसमध्ये कसाही हिशोब केला तरी माझा एक तृतीयांश येतो असं वकिलांनी सांगितलं. लग्नात खर्च केला म्हणून हा हिस्सा संपत नाही. सातबाऱ्यावर नुसतं नाव लागलं किंवा निघालं म्हणून मालकी ठरत नाही, ती महसुलाची नोंद आहे. आणि हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, फसवून किंवा जबरदस्तीने सही घेतली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तासाभराचं काम असतं खरं, पण ते तासाभरात ठरवायचं काम नव्हे.

त्याच भेटीत वकिलांनी २००५ च्या दुरुस्तीतलं एक वाक्य दाखवलं जे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मुलीला मुलाइतकाच हक्क असं म्हणून कायदा तिथे थांबत नाही, त्या मालमत्तेबाबत मुलाइतक्याच जबाबदाऱ्या पण तिच्यावर आहेत असं त्याच कलमात पुढे लिहिलंय. आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा आहे त्यातही मुलगा आणि मुलगी दोघंही येतात. मी घरी येऊन जस्टिसच्या पानाकडे बघितलं, तलवार आणि तराजू एकाच बाईच्या दोन हातात आहेत. मी तोपर्यंत मनात धरून बसले होते की हक्काचं माझ्याकडे आणि जबाबदारीचं दादाकडे, आणि दादा बहुतेक उलट धरून बसला होता, की जबाबदारी त्याने उचलली म्हणजे हक्कही सगळा त्याचाच.

पायरी ४: तराजू

ही सगळ्यात अवघड पायरी, इथे वेळ द्या, वाटल्यास दुसऱ्या दिवशी करा.

जस्टिसच्या डावीकडे, तराजूच्या हाताखाली, टेन ऑफ वाँड्स आणि सिक्स ऑफ पेंटॅकल्स ठेवा. टेन ऑफ वाँड्समध्ये एक माणूस दहा काठ्यांचा भारा कवेत घेऊन वाकून चाललाय, काठ्यांमागे त्याचा चेहरा झाकलाय, पुढचा रस्ता त्याला दिसत असेल का शंकाच आहे, लांबवर घर आहे. या पानासाठी वहीत नवीन पान घ्या आणि एकच प्रश्न लिहा: या घरात हा भारा कोणी वाहिला, किती वर्षं, आणि नेमका काय?

नेमका हा शब्द महत्त्वाचा. "दादाने बाबांचं केलं" असं लिहू नका. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून ते जाईपर्यंत सहा वर्षं. त्या सहा वर्षात आंघोळ कोणी घातली, रात्री कूस कोणी बदलली, चादरी कोणी धुतल्या, तालुक्याच्या दवाखान्यात कोण घेऊन गेलं, गाडीभाडं कोणी दिलं, औषधं कोणी आणली, शेत कोणी बघितलं. माझ्या नावापुढे मी खरं खरं लिहिलं: वर्षातून चार वेळा गेले, दर वेळी दोन-तीन दिवस. तीन वर्षं महिन्याला ५,००० रुपये पाठवले, मग घराचं लोन सुरू झालं आणि ते बंद केले. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं पण नाही, नुसते बंद केले. हे लिहिताना हात थांबला होता माझा, पण लिहा, हे लिहिल्याशिवाय पुढचं सगळं खोटं होतं.

दादाच्या नावापुढे शेत, दवाखाना, भाडं, उधारी आली. आणि आंघोळ, चादरी, रात्रीचं उठणं, भरवणं याच्यापुढे एकच नाव येत राहिलं, वहिनी. सहा वर्षं, रोज. आणि सगळ्या कागदात तिचं नाव कुठेच नाही, ना वारस म्हणून, ना हक्कसोडपत्रात, ना सातबाऱ्यावर. दादा मला सांगत होता आम्ही बाबांचं केलं, मी मनात त्याला उत्तरं देत होते, आणि ज्या बाईने केलं तिला आम्ही दोघांनीही तराजूत धरलंच नव्हतं. पामेलाची ती कोपऱ्यातली सही मला तेव्हा आठवली.

तुमच्या प्रकरणात पण असं एक माणूस बहुतेक असतंच, जे राबतं पण पक्ष म्हणून मोजलं जात नाही. सासूला सांभाळायचा प्रश्न असलेल्या मैत्रिणीच्या यादीत ती दिवसभर घरी राहणारी मावशी निघाली, जिला सात वर्षांत एकदाही पगारी सुट्टी मिळालेली नव्हती. त्या माणसाचं नाव सापडेपर्यंत ही पायरी पूर्ण झाली असं समजू नका.

मग सिक्स ऑफ पेंटॅकल्स बघा. श्रीमंत माणूस हातात तराजू धरून नाणी देतोय, दोघं गुडघ्यावर बसलेत, नाणी एकाच्याच हातात पडतायत. हे पान लोक दानाचं म्हणून वाचतात. मी या पद्धतीत ते एका प्रश्नासाठी वापरते, तराजू कोणाच्या हातात आहे? देणारा स्वतःच तोलतोय म्हणजे किती द्यायचं, कोणाला द्यायचं सगळं त्याच्या मर्जीवर. मी जर सही करून "दिलं" म्हणाले तर मी वर आणि ते खाली, आयुष्यभर माझा उपकार. दादाने "बहिणीला साडीचोळी करत राहू" म्हटलं तर तो वर आणि मी खाली, आणि तेही माझ्याच हिश्श्यातून. दोन्ही नको होतं मला.

यानंतर जबाबदाऱ्यांच्या यादीवर पण तीन खुणा करा: मी स्वतः घेतलेली, माझ्या वाट्याला आलेली, आणि माझ्यावर टाकलेली. आईचं म्हातारपण माझ्या वाट्याला आलेलं आहे, मुलगी म्हणून, त्याला पर्याय नाही. "भावाचं तोंड वाकडं होऊ देऊ नकोस, सही करून टाक गं" असं आई फोनवर म्हणाली ती टाकलेली. घरात शांतता ठेवायची सगळी जबाबदारी मुलींवरच का असते हा प्रश्न मी तिथे समासात लिहिला, मोठ्या अक्षरात. टाकलेली जबाबदारी नाकारता येते, आई रागावली तरी.

पायरी ५: समोरच्याच्या जागेवरून

ही छोटी आहे. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स काढा. पुढे एक जण तलवारी गोळा करून उभा आहे, जिंकलाय, मागे दोघं पाठ करून निघालेत, एकाने तोंड झाकलंय. आधी स्वतःला जिंकलेल्याच्या जागी ठेवा आणि पाच ओळी लिहा, मग तोंड झाकलेल्याच्या जागी ठेवून पाच ओळी. मला वाटलं होतं की सही केली तर मी ती मागची होईन आणि नाही केली तर पुढची. लिहिल्यावर कळलं की मी कोर्टात जाऊन वाटणी करून घेतली तरी आणि मुकाट सही केली तरी त्या समुद्रकाठी तिघांपैकी कोणाचंच घर दिसत नाही.

पायरी ६: आता शफल करा

मांडलेली पानं तशीच राहू द्या. उरलेला डेक शफल करून तीन पानं काढा: मी काय बघायचं टाळतेय, मी मनात कडवटपणा न ठेवता काय देऊ शकते, आणि मी काय देता कामा नये.

मला पहिलं आलं टू ऑफ स्वोर्ड्स, डोळ्यावर पट्टी बांधून दोन तलवारी छातीवर फुली करून बसलेली बाई, मागे समुद्र. तीन आठवडे दादाचे फोन न उचलणारी मी. दुसरं थ्री ऑफ पेंटॅकल्स, चर्चमध्ये कारागीर काम करतोय आणि दोघं नकाशा घेऊन त्याच्याशी बोलतायत, म्हणजे मिळून करायचं काम, पैसा किंवा सही असं काही त्यात नाही. तिसरं क्वीन ऑफ स्वोर्ड्स, एका हातात तलवार सरळ आणि दुसरा हात पुढे केलेला. ते मी असं वाचलं की स्पष्ट बोलण्याचा हक्क द्यायचा नाही, तो दिला की बाकीचं काही उरत नाही.

तुम्हाला दुसरी पानं येतील आणि ती कदाचित काहीच बोलणार नाहीत, तसं झालं तर ओढून ताणून अर्थ लावू नका. प्रश्न वहीत आहेत, त्यांची उत्तरं पानांशिवाय लिहा. टॉवर किंवा डेथ आलं म्हणून घाबरून परत शफल करायचं नाही. आणि एका प्रश्नाला एकदाच. मनासारखं येईपर्यंत काढत राहणारे लोक मी बघितलेत, त्यांना शेवटी कोणतंच पान खरं वाटत नाही.

पायरी ७: टेम्परन्स आणि प्रस्ताव

टेम्परन्स, नंबर १४, जस्टिसच्या खाली ठेवा. देवदूताचा एक पाय जमिनीवर, एक पाण्यात, दोन पेल्यांमध्ये पाणी इकडून तिकडे ओततोय. दोन्ही पेले हातातच आहेत, एकही टाकून दिलेला नाही. इथे प्रस्ताव लिहायचा, आणि त्यात प्रत्येक हक्काच्या ओळीशेजारी जबाबदारीची एक ओळ हवी. नुसती हक्काची ओळ असेल तर खोडा, नुसती जबाबदारीची असेल तरी खोडा.

माझा प्रस्ताव असा झाला. घरातला माझा हिस्सा मी सोडते, पण तो दादाच्या आणि वहिनीच्या अशा दोघांच्या नावे. यात वहिनी सहहिस्सेदार नसल्यामुळे तिला हक्कसोडपत्राने देता येत नाही, तिच्यापुरतं बक्षीसपत्र करावं लागेल असं वकिलांनी सांगितलं. आई हयात असेपर्यंत त्या घरात तिचा राहण्याचा हक्क कागदावर. जमिनीत माझं नाव राहील, दादा कसेल, उत्पन्न त्याचं, विकायची झाली तर तिघांची सही आणि तिघांचे हिस्से. आणि आईसाठी, तिच्या औषधांचा निम्मा खर्च माझा, दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस आई ठाण्याला किंवा मी गावाला, त्या पंधरा दिवसात वहिनीला पूर्ण मोकळीक, तिला माहेरी जायचं तर माहेरी.

हे लिहिल्यावर आधी वहिनीला फोन केला. मला वाटलं तेच बरोबर. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "वन्सं, मला हे कोणी विचारलंच नव्हतं." तिने एक गोष्ट बदलायला लावली, पंधरा दिवस सुगीच्या दिवसात नकोत कारण तेव्हा शेतावर माणसं असतात, घरात दोन हात जास्त लागतात. मी तसं बदललं. तुमचा प्रस्ताव पण असा शिसपेन्सिलीने लिहा, समोरच्याने एक तरी ओळ बदलल्याशिवाय तो दोघांचा होत नाही.

कुठे ही पद्धत वापरू नका

घरात मारहाण असेल, धमकी असेल, तुमची सही जबरदस्तीने घेतली जात असेल तर वही-पानं घेऊन बसू नका, बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, वकील गाठा, पोलिसात जा. तिथे तोलायचं काही नसतं. कोर्टाची किंवा नोटिशीची तारीख जवळ असेल तेव्हा पण आधी वकील. आणि दुसऱ्यासाठी वाचत असाल तर "कार्ड सांगतंय सही कर" हे वाक्य कधीही तोंडातून काढू नका. समोरची बाई रडत असते, तुम्ही म्हणाल ते ती करेल, आणि त्या सहीचे परिणाम तिच्या मुलीला भोगावे लागतील, तुम्हाला नाही. पैसे घेऊन वाचणाऱ्यांनी तर हे फार सांभाळायला हवं.

मांडणी उचलायच्या आधी फोटो काढून ठेवा, तारीख लिहा. महिन्याभराने याद्या परत वाचा आणि रंग बदललेत का बघा. माझ्या यादीत भीतीच्या रंगातली दोन वाक्यं मी नंतर इच्छेत टाकली, विहिरीवर बसायला मिळावं हे त्यातलं एक.

दादाला प्रस्ताव मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला नाही, कागदावर लिहून पोस्टाने पाठवला, वरती "ती. दादास" लिहून. पाच आठवडे काही उत्तर नाही. आईने सांगितलं की कागद त्याच्या शर्टच्या खिशात असतो. मग एका रात्री त्याचा फोन आला, विहिरीची मोटर जळली ते बोलला, कांद्याच्या भावाचं बोलला, माझ्या मुलाच्या दहावीचं विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "ते पंधरा दिवस म्हणतेस ना, ते कधीपासून?"